हॅमचा सेट जुना झाला म्हणजे नक्की काय झालं?

२०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना नोटिसा धाडल्या. वॉकी-टॉकी सर्रास विकता, ते कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात ते सांगत नाही, परवाना लागतो का तेही लिहीत नाही, असा ठपका होता. महिनाअखेरीस त्यावर नियमावलीही आली. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन जिन्यात भेटले. म्हणाले, "काय हो, आता तुमचं गच्चीवरचं तारांचं खटलं उतरवावं लागणार म्हणे?"

नाही उतरवावं लागणार. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. केंद्र सरकारचा वायरलेस विभाग त्यासाठी परीक्षा घेतो, बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. पास झालात आणि परवाना हातात आला की व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेतली आपली ओळख, मिळते. मग ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत जगभरच्या हॅमशी बोलायचं, मात्र त्यातून धंदा करायचा नाही. २००४च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा योगायोगाने तिथेच असलेल्या हॅम मंडळींनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले होते. हे सगळं जिन्यात उभ्याउभ्या सांगून झालं. चेअरमन "बरं बरं" म्हणाले. पटलं की नाही ते पुढच्या मीटिंगला कळेल.

तेवढ्यात कोथरूडहून एका मुलाचा फोन. नुकताच परवाना मिळालेला, जुना सेट विकत घेतलेला. "काका, सेट बहिरा झालाय. कोणी ऐकूच येत नाही. अपग्रेड करू की सरळ नवा घेऊ?"

मी म्हटलं, "सेट आहे तिथेच राहू दे. आधी गच्चीवर जा."

त्याला ते टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं. म्हणून जरा सविस्तर.

सेटमध्ये असतं काय

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच डब्यात बसवले की त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. आम्ही नुसतं 'सेट' म्हणतो. बोलताना सेट तुमचा आवाज रेडिओलहरीवर चढवतो आणि अँटेनाकडे पाठवतो. ऐकताना उलटं काम करतो आणि ते जास्त कठीण असतं. गणपतीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकाला खेटून उभं राहायचं आणि शेजारचा माणूस काय कुजबुजतोय ते ऐकायचं, तसं. अँटेनातून हजार आवाज एकदम येतात, त्यातला एक निवडायचा असतो.

जुने सेट हे काम पायरीपायरीने करतात. आलेली कुठलीही फ्रिक्वेन्सी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायची आणि तिथे एका चांगल्या चाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, गाळून घ्यायची. नवे सेट अँटेनावरचा सिग्नल थेट आकड्यांत बदलतात आणि चाळण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवतात. हॅमच्या टेबलावर परवडेल असा, शॉर्टवेव्हसाठी थेट हेच करणारा सेट २०१६ साली आयकॉम कंपनीच्या आयसी-७३००च्या रूपाने आला आणि तेव्हापासून आपला जुना सेट म्हणजे भंगार, असं अनेकांना वाटायला लागलं.

"पॉवर वाढवली तर लांब जाईल ना?"

हा पहिला आक्षेप, म्हणून आधी हिशेब करू. सिग्नल किती जोरात येतोय ते सेटवरचा एस-मीटर दाखवतो: एस-१ ते एस-९. यातला एक काटा वर सरकायला समोरच्याने पॉवर चौपट करावी लागते. दुप्पट नव्हे, चौपट.

म्हणजे तुमचा ५० वॅटचा सेट विकून १०० वॅटचा आणलात, तर दिल्लीतल्या माणसाच्या मीटरवर अर्धा काटा हलेल. भारतात जनरल श्रेणीच्या परवान्याला ४०० वॅटची मर्यादा आहे. शंभरावरून चारशेवर जायचं म्हणजे वेगळा ॲम्प्लिफायर, वेगळा पॉवर सप्लाय, जाड वायरिंग. एवढा खर्च करून पदरात काय पडतं? एक काटा. आणि हा सगळा खर्च बोलण्यावर झाला. ऐकण्यात कणभरही फरक नाही. कोथरूडच्या मुलाची तक्रार तर ऐकण्याचीच होती.

गच्चीवर काय सापडतं

सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी जाड काळी केबल म्हणजे कोऍक्स. खडकवासल्याहून निघालेलं सगळं पाणी कालव्याच्या टोकाला पोचत नाही, वाटेत झिरपतं. कोऍक्समध्येही तसंच होतं, आणि फ्रिक्वेन्सी जितकी वर तितकी गळती जास्त. आरजी-५८ ही बारीक, स्वस्त केबल घ्या. ७ मेगाहर्ट्झला १५ मीटर केबलमध्ये फारसं काही जात नाही. त्याच १५ मीटरवर १४५ मेगाहर्ट्झला जवळपास निम्मी पॉवर केबलच खाते. जाडजूड आरजी-२१३ टाकली तर हीच गळती बरीच खाली येते. सेटचा एक स्क्रूही न उघडता झालेलं हे अपग्रेड.

ही झाली नव्या केबलची गोष्ट. दोन पावसाळे काढलेली केबल वेगळीच असते. कनेक्टर नीट बांधलेला नसेल तर पाणी आत शिरतं आणि केबलच्या आतल्या जाळीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, मीटर-मीटर पुढे सरकतं. तांब्याची जाळी आधी काळी पडते, मग हिरवी.

इथे एक फसवणूक आहे आणि तिला जुनेजाणतेही बळी पडतात. अँटेना सेटशी नीट जुळली नसेल तर काही पॉवर परत येते, ते मोजायला एसडब्ल्यूआर मीटर असतो. आकडा १ला जितका जवळ तितकं चांगलं. २ आला तर साधारण ११ टक्के परत येते, ३ आला तर २५ टक्के. आता भिजलेल्या केबलवर हा आकडा अनेकदा सुधारतो. का? तर जाणारी पॉवर केबल खाते, अँटेनाहून परतणारी पॉवरही तीच खाते, मीटरपर्यंत परत काही पोचतच नाही. मीटर म्हणतो, झकास. खरी चाचणी अशी: अँटेना काढायची, केबलच्या गच्चीकडच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे पॉवर नुसती गिळून टाकणारा रेझिस्टर, लावायचा. सेटजवळ किती वॅट निघतात आणि वर किती पोचतात, दोन्हीकडे मोजायचं. हल्ली हातात मावणारे नॅनोव्हीएनए नावाचे स्वस्त मीटर मिळतात, त्यावरही हे कळतं.

कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर साधी टेप. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जाईल, खिडकीतून आत येणार नाही. हे काम मेमध्येच उरकायचं. वळवाचा पाऊस आला की दुसरं काम सुरू होतं: ढग गडगडायच्या आत कोऍक्स सेटमधून काढून ठेवणं. मी ती खिडकीबाहेरच ठेवतो. वीज थेट पडायची गरज नसते, एक-दोन किलोमीटरवर पडली तरी रिसीव्हरचा पुढचा भाग जाऊ शकतो.

गोंगाट घरातूनच येतो

आता बहिरेपणाचं खरं कारण. तुळशीबागेत दिवाळीच्या आधीच्या रविवारी बायकोला हाक मारून बघा. कान ठणठणीत असतात, आवाजही ठीक असतो, तरी ऐकू येत नाही. शहरातल्या सेटची हीच अवस्था आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचे ॲडॉप्टर, गच्चीवरच्या सोलरचे इन्व्हर्टर, हे सगळे आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि त्याची कुरकुर शॉर्टवेव्हवर पसरते.

तपासायला पैसे लागत नाहीत. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळी जागा बघून मीटर कुठे आहे ते टिपून ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. कोथरूडच्या मुलाच्या घरी मीटर एस-७वरून एस-३वर आला. चार काटे. प्रत्येक काटा चौपट, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार: २५६ पट. त्याच्या घरातल्या गोंगाटाला पुरून उरायला समोरच्याला अडीचशे पट पॉवर लावावी लागली असती. नवा सेट आणला असता तर त्यानेही तोच गोंगाट इमानाने ऐकवला असता.

मग एकेक एमसीबी चढवत जायचं. त्याच्याकडे दोषी निघाला आईच्या स्वयंपाकघरातल्या वॉटर प्युरिफायरचा ॲडॉप्टर. "प्युरिफायर काढायचा नाही," असा निकाल लगेच लागला. ॲडॉप्टरची वायर अशी कुरकुर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून सातआठ वेढे देऊन ओवली, गोंगाट बराच खाली आला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशी कडी मिळतात. दुकानदाराला 'फेराइट कोअर' म्हणा, आणि जुन्या माणसाला विचारा, कारण दिसायला सारखी असली तरी सगळी शॉर्टवेव्हला चालत नाहीत.

मग सेटला म्हातारपण येतच नाही का?

येतं. बाहेरचं सगळं तपासून झालं, तरी गडबड उरली, तर मग डब्याकडे वळायचं.

सगळ्यात आधी वीज. बहुतेक सेट १३.८ व्होल्टवर चालतात. हा विचित्र आकडा गाडीच्या बॅटरीवरून आला: सहा सेल, चार्ज होताना प्रत्येकी २.३ व्होल्ट. १०० वॅटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर ओढतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दोन मीटर वापरलीत, तर जाऊन-येऊन चार मीटरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त वायरीतच जातो. त्यात फ्यूजहोल्डर गंजलेला असला की सेट जोरात बोलल्यावर बंद पडतो किंवा आवाज फाटतो. लोक सेट दुरुस्तीला नेतात. वायर मात्र घरीच राहते. दुकानात सेट छान चालतो!

आत म्हातारे होणाऱ्यांत पहिला मान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. वीज साठवून सपाट करणारं हे छोटं नळकांडं, त्यात ओलसर रसायन असतं आणि ते सुकतं. ढोबळ नियम असा की दर १० अंश तापमानाला आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांना ६४ हजार तास, म्हणजे सतत चालू ठेवला तर सातेक वर्षं टिकेल. पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीतच ३८-४० अंश असतात, डब्याच्या आत त्याहून जास्त. काही कपॅसिटर सुकण्याऐवजी गळतात आणि खालच्या बोर्डाचं तांबं खातात. केनवुडच्या टीएस-८५०च्या एका बोर्डावरचे बारके कपॅसिटर याबद्दल हॅमांमध्ये प्रसिद्ध आहेत. त्याच घरच्या टीएस-४४०मध्ये तर कपॅसिटर नाही, फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागावर ओतलेला डिंकासारखा पदार्थ वर्षांनी बिघडतो आणि डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके येतात. जुना सेट घेण्याआधी त्या मॉडेलचा असा ठरलेला आजार कोणता, हे माहीत करून घ्या.

दुसरा मान रिलेचा. बोलणं आणि ऐकणं यांत अँटेना इकडून तिकडे फिरवणारा हा छोटा खटका. माझ्याच सेटचं सांगतो. एका ऑगस्टात सकाळी सेट लावला की सगळे सिग्नल विहिरीतून आल्यासारखे. मी एकदा माइकचं बटण दाबून सोडलं की एकदम मोकळे. दहा मिनिटं शांत बसलं की पुन्हा विहीर. मी आठवडाभर आकाशाला दोष देत होतो. दमट हवेने रिलेच्या टोकांवर बारीक थर बसला होता. बोलताना खटका आपटायचा, थर तात्पुरता फुटायचा, एवढंच. रिले उघडण्यासारखा होता म्हणून कागदाच्या पट्टीवर काँटॅक्ट क्लीनरचा थेंब घेऊन टोकांमधून ओढली. पॉलिश पेपर कधीही लावायचा नाही, वरचा मुलामा निघून जातो. बंद डबीचा रिले असेल तर बदलायचाच.

बॅटरीचं थोडक्यात: बऱ्याच सेटमध्ये नाण्याएवढा लिथियम सेल असतो, तो संपला की साठवलेले चॅनेल जातात, बाकी काही नाही. अपवाद आयकॉमचा आयसी-७५१. त्यात सेटचं मूळ सॉफ्टवेअरच त्या सेलवर जगत होतं, सेल मेला की सेट मुका.

"स्वतः उघडून बघू का?"

बघा, पण आधी सेट कोणता ते सांगा. १९७०च्या दशकातले व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचे, सेट असतील, तर अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या, म्हणजे फाइनल व्हॉल्व्हवर सहाशे-आठशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये बसून राहतात. तिथे शिकलेला माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नका. वर्षानुवर्षं पडून असलेला असा सेट थेट मेनवर लावायचा नसतो. जुने मेकॅनिक सिरीजमध्ये शंभरचा पिवळा बल्ब लावतात: आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो.

१३.८ व्होल्टच्या सेटमध्ये तुम्हाला धोका कमी, तुमच्यापासून सेटला जास्त. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. धूळ मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून. काँटॅक्ट साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा खरा काँटॅक्ट क्लीनर. दाराच्या बिजागरीचा स्प्रे नको, त्याच्या तेलावर धूळ बसते. जड भागांच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर दिसली तर ते ड्राय सोल्डर, नवं सोल्डर घालून पुन्हा गरम करा. आणि आत दिसणारे छोटे रंगीत स्क्रू फिरवायचा मोह आवरा. ते कारखान्यात यंत्रं लावून बसवलेले असतात. माझ्याकडे आलेल्या 'बिघडलेल्या' सेटांपैकी बरेच या स्क्रूंमुळेच बिघडलेले होते.

अपग्रेड कशाला म्हणायचं

इथपर्यंत आलात तर सेट धडधाकट आहे. आता त्याला वाढवण्यात अर्थ आहे.

पहिली गोष्ट फिल्टर. बोलण्यासाठी साधारण २४०० हर्ट्झची चाळणी लागते. मोर्ससाठी, म्हणजे तारेच्या कट्ट-कडकट्टसाठी, ५०० पुरते. चाळणी पाचपट अरुंद केली की गोंगाटही जवळपास पाचपट कमी आत येतो, म्हणजे मीटरवर एक काट्याहून थोडं जास्तच. ॲम्प्लिफायरने मिळत होतं तेवढं, मूठभर आकाराच्या एका सुट्या भागात. मोर्स करत नसाल तर मात्र पैसे वाया.

दुसरी गोष्ट स्थिर ठोका. सेटच्या आत एक क्रिस्टल ठोका देत असतो, तो तापला की चळतो. साधा क्रिस्टल दहा लाखांत दहा एवढा हलला तर २८ मेगाहर्ट्झला २८० हर्ट्झचा फरक. तापमान सांभाळून घेणारा टीसीएक्सओ दहा लाखांत अर्धा, म्हणजे १४ हर्ट्झ. गप्पांना दोन्ही चालतात. पण २०१७पासून एफटी-८ नावाची पद्धत आली, संगणक बारीक सूर पाठवून निरोप देतो, दोन सुरांत फक्त ६.२५ हर्ट्झचं अंतर असतं. तिथे सरकणारा ठोका खपत नाही.

तिसरं फर्मवेअर. नव्या सेटचं सॉफ्टवेअर कंपनी अधूनमधून सुधारते, कार्डावरून घालता येतं. मधेच वीज गेली तर सेट अर्धवट राहतो, म्हणून गुरुवारी हा उद्योग नको. पुणेकरांना कारण सांगायला नको, बाकीच्यांसाठी: गुरुवारी इथे दुरुस्तीसाठी वीज जाते.

आणि ज्याला आतलं शिकायचंच आहे त्याने बिट्‌एक्स बांधावा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून बांधता येईल असा हा सेट आखला, तो जगभर बांधला गेला. त्याची मायक्रोबिट्‌एक्स ही आवृत्ती अर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डावर चालते, दहाएक वॅट देते. तो बिघडला तर राग येत नाही, कारण बिघडवणारे आपणच असतो.

"सेटचे पट्टे उघडून द्या ना"

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. काही सेटमध्ये एक जंपर, म्हणजे बोर्डावरची छोटी जोडणी, काढला की परवान्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवरही बोलता येतं. कृपा करून हे अपग्रेड समजू नका. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि लोहगावला हवाई दलाचा तळ आणि नागरी विमानतळ एकाच धावपट्टीवर आहेत. एक चुकलेलं बटण तिथे ऐकू जातं.

पट्ट्यात राहूनही घाण करता येते. ट्रान्समीटर मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पटीवरही थोडंथोडं ओरडत असतो, ते अडवायला शेवटी एक फिल्टर असतो. पॉवर वाढवायला म्हणून हा भाग छेडला की शेजाऱ्याच्या टीव्हीपासून पुढे सगळ्यांना त्रास. आणि आपल्याला जपावं लागेल असा एक खास शेजारी आहे: नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. ती १५० मेगाहर्ट्झच्या आसपासही ऐकते आणि आपला १४४ ते १४६चा पट्टा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी फुटक्या फिल्टरचा सेट घेऊन जाऊ नये.

मग नवा सेट घ्यायचा कधी?

फाइनल ट्रान्झिस्टर गेले आणि ते मॉडेल आता बनतच नसेल, तर घ्या. डिस्प्ले गेला आणि सुटा मिळत नसेल, तर घ्या. पडद्यावर अख्खा पट्टा दिसावा, कोण कुठे बोलतंय ते नजरेला पडावं, अशी हौस असेल तर नुसत्या हौसेसाठीही घ्या. या छंदाच्या नावातच हौशी आहे. फक्त आधी वीस मीटर तार गच्चीवर नीट ताणा. ७ मेगाहर्ट्झच्या साध्या डायपोलला तेवढीच लागते.

कोथरूडच्या मुलाने अजून नवा घेतलेला नाही. परवा रात्री ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्याच पट्ट्यात, त्याने केरळच्या एका हॅमशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या, मी मधे न बोलता ऐकत होतो. माझ्या सेटच्या डायलमागचा दिवा दोन वर्षांपूर्वी गेला आहे. बल्ब आणून ठेवलाय, बुधवार पेठेतूनच. पण त्यासाठी पुढचं अख्खं पॅनेल उतरवावं लागतं, म्हणून सध्या टेबललॅम्प वळवून काम भागवतो. तो लॅम्प मात्र एलईडीचा नाही.